रविवारपलीकडची उपासना

महाराष्ट्र आणि गोव्यातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे एक ठरीव रीत होऊन बसली आहे. मिशनरी कोण आले, कोणत्या साली आले, किती जणांना बाप्तिस्मा दिला, छापखाना आणि शाळा कोठे घातल्या, एवढे सांगितले की प्रकरण संपते. ज्यांना हा इतिहास अभिमानाचा वाटतो त्यांची वही आणि ज्यांना तो आक्रमणाचा वाटतो त्यांची वही, दोन्हींतील रकाने तेच. फक्त जमा आणि खर्च यांची अदलाबदल झालेली. या हिशेबात एक गोष्ट सहसा नोंदली जात नाही. धर्मांतर ही एका दिवसाची घटना असते. त्यानंतर माणसाला हजारो दिवस काढायचे असतात, आणि त्यांतील प्रत्येक दिवशी सायंकाळ होते, दिवा लागतो, आणि घरातील माणसांना काहीतरी म्हणावयाचे असते. काल जे म्हणत होतो ते आज म्हणता येत नाही. मग काय म्हणायचे, कोणत्या भाषेत, कोणत्या चालीवर? आमच्या मते ख्रिस्ती धर्म या भूमीत टिकला तो या प्रश्नाला जेथे उत्तर मिळाले तेथे. उपासनेचे सामर्थ्य म्हणून जे सांगितले जाते, ते वेदीपेक्षा या दिवेलागणीच्या वेळी अधिक स्पष्ट दिसते.

हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारला गेल्याची मराठीतील एक जुनी नोंद गोव्यातील साष्टीची आहे. तेथील देवळे पोर्तुगीजांनी १५६७ साली पाडली होती. इन्क्विझिशनचे न्यायासन गोव्यात १५६० पासून स्थापन झालेले होते. अशा प्रदेशात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली येऊन पोहोचला आणि १६१९ मधील मृत्यूपर्यंत येथेच राहिला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले. आमच्या शाळकरी वाचकाला स्टीफन्स ठाऊक असतो तो मराठीची स्तुती करणाऱ्या चार ओव्यांपुरता. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातून आपण आपल्या भाषेची प्रशस्ती तेवढी उचलावी आणि बाकीचे मिटून ठेवावे, हे आमच्या वाङ्मयीन आत्मप्रेमाचे लक्षण म्हणावे लागेल. या ग्रंथाचा खरा हेतू त्याच्या आरंभीच्या प्रसंगात आहे. साष्टीतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी वाचावयास दुसरी काही का देत नाही? मूळ ओव्या आम्ही येथे देत नाही, परंतु त्यांचा आशय एवढाच आहे, आणि त्यातील व्यावहारिकपणा थक्क करणारा आहे. विचारणाऱ्याला त्रैक्याचे रहस्य समजावून घ्यावयाचे नाही. त्याची अडचण अशी की वेळ रिकामा पडला आहे. पुराण ऐकण्याची सवय असलेला माणूस पुराणाविना बसला आहे.

स्टीफन्सने त्या सवयीला हात लावला नाही. ओवी तीच ठेवली, गुरुशिष्यसंवादाचा सांगाडा ठेवला, स्वर्गाला वैकुंठ म्हटले. भाषा मराठी, पण तिच्यात साष्टीच्या लोकांना समजावेत म्हणून कोकणी शब्द मिसळलेले. हे ऐकणारे लोक घरात कोकणी बोलत असत. मराठी ही त्यांची पुराणश्रवणाची भाषा होती. म्हणजे धर्म बदलला तरी, बोलण्याची भाषा आणि देवासमोर बसण्याची भाषा यांतील जुने अंतर त्याने जसेच्या तसे राहू दिले. हा ग्रंथ चर्चमध्ये रविवारी आणि सणावारी वाचला जाई. मिस्सा लॅटिनमध्ये होत असे व लॅटिन कोणालाच कळत नसे. पुराण मात्र कळत असे.

पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत अद्याप कोणाच्या हाती लागलेली नाही. मग ग्रंथ उरला कसा? तो उरला हस्तलिखितांत. इन्क्विझिशनच्या जाचाने, दुष्काळाने व स्वाऱ्यांमुळे गोवा सोडून कानडा मुलखात गेलेली कुटुंबे त्याच्या नकला करून ठेवीत व घरी वाचीत. जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला जी आवृत्ती काढली, ती अशाच नकलांवरून. चर्चच्या परवानगीने छापलेले पुस्तक नाहीसे झाले आणि घरच्या उपासनेसाठी कोणी अनाम लेखकाने रोमन अक्षरांत उतरवून काढलेली वही राहिली, ही गोष्ट आम्हांस या सबंध विषयाची किल्ली वाटते. ग्रंथालयाने जपावा म्हणून कोणी त्या वह्या लिहिल्या नव्हत्या. उद्या संध्याकाळी वाचावयाचे आहे म्हणून लिहिल्या होत्या.

राज्यकर्त्यांना याचे महत्त्व कळत नव्हते असे नाही. १६८४ साली विजरईने हुकूम काढला की गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. १७३६ सालचा इन्क्विझिशनचा जाहीरनामा तर घरात शिरतो. तुळस लावू नये, लग्नात ओव्या गाऊ नयेत, अशा बारीक बारीक गोष्टी त्यात मनाई केलेल्या आहेत. ज्या लोकांच्या आज्या-पणज्या बाप्तिस्मा घेऊन मेल्या त्यांच्या ओवीची धास्ती इन्क्विझिशनला दीड शतकानंतरही वाटत होती. तो हुकूम किती पाळला गेला ते लग्नघरात पाहावे. लग्नाच्या आदल्या दिवशी नारळाचा रस लावण्याचा जो ‘रोस’ विधी गोवेकर व मंगळूरकर कॅथलिक करतात, त्यात ‘वोव्यो’ गाइल्या जातात. नाव तेच, आणि गाणाऱ्या बायकाच.

गोव्याच्या घरगुती उपासनेतील दुसरे टिकलेले अंग म्हणजे ‘तेर्स’, सायंकाळची जपमाळ. ती म्हणावयास पाद्री लागत नाही, पुस्तक लागत नाही. घरातील वडील माणूस सुरुवात करतो, बाकीचे पुढची ओळ उचलतात. आणि ती संपली की मुले एकामागून एक वडीलधाऱ्यांपुढे जाऊन ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागतात. हा शब्द पोर्तुगीज, पण कृती आपल्या ओळखीची आहे. दिवेलागणीला देवाला आणि मग मोठ्यांना नमस्कार करण्याची जी रीत शेजारच्या हिंदू घरात होती, तिच्याहून ती फारशी दूर नाही. या उपासनेने घरातील माणसांना दिवसातून एकदा एका ठिकाणी बसविले. रागावलेला मुलगा आणि रागावलेला बाप यांना रोज सायंकाळी एकमेकांसमोर यावे लागे. तिच्या सामर्थ्याविषयी बोलताना लोक चमत्कारांच्या गोष्टी सांगतात. आम्हांला हे रोजचे समोर येणे अधिक विचार करण्याजोगे वाटते.

मात्र याच उपासनेच्या मर्यादाही याच भूमीत दिसतात. गोव्यातील चर्चचे सण चालविणारी जी कोन्फ्रारी नावाची मंडळे होती, ती जातवार होती. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारे लोक सणाचा मान कोणत्या जातीकडे जावा यावरून पिढ्यानपिढ्या भांडले. ओवी राहिली तशी जातही राहिली. एकीचे कौतुक करताना दुसरी झाकून ठेवणे बरे नव्हे.

आता आपण देशावर येऊ. येथे चर्च वेगळे, प्रॉटेस्टंट, राज्य इंग्रजांचे, आणि मधे दोन शतकांचे अंतर. स्टीफन्सचे पुराण इकडे कोणाच्या ओळखीचे नव्हते. त्यामुळे साष्टीत एकदा सुटलेला प्रश्न अहमदनगरात (आजच्या अहिल्यानगरात) पुन्हा पहिल्यापासून सोडवावा लागला. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईस आले व १८३१ साली नगरला ठाणे देऊन बसले. त्यांच्या उपासनेत गाण्याला मोठे स्थान होते, पण ते गाणे त्यांच्या देशाचे होते. हेन्री बॅलेंटाइन आदींनी इंग्रजी गीतांची मराठी रूपांतरे केली, ती इंग्रजी चालीत बसावीत म्हणून. इंग्रजी चाल आघातावर चालते आणि मराठी पद्य ऱ्हस्वदीर्घावर किंवा अक्षरसंख्येवर. चालीचा ठोका जेथे पडतो तेथे मराठी शब्दाचे ऱ्हस्व अक्षर येते, आणि ज्या दीर्घ अक्षरावर जीभ रेंगाळू पाहते ते घाईने गिळावे लागते. बॅलेंटाइन यांची चिकाटी आम्हांला आदरणीय वाटते. परंतु अशी गीते बाजाच्या पेटीसोबत, कोणीतरी चाल धरल्यावर रविवारी म्हणता येतात, सोमवारी शेतात ती आपोआप ओठावर येत नाहीत. शिवाय नगर भागातील बहुसंख्य ख्रिस्ती माणसांना अक्षरओळख नव्हती. पुस्तकातून गावयाची उपासना त्यांच्या घरापर्यंत पोहोचणे कठीण होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या मंडळींनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली, तिने हे अंतर काहीसे कमी केले. खेड्यातील मनुष्य प्रवचनाला उठून जाई, कीर्तनाला बसे. परंतु कीर्तन हा शेवटी ऐकण्याचा प्रकार आहे. घरी घेऊन जाण्याजोगे काही हवे होते. ते नारायण वामन टिळकांनी दिले.

टिळकांचे चरित्र मराठी वाचकाला ‘स्मृतिचित्रे’मुळे ठाऊक आहे. जन्म १८६१, बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, नंतरची बरीच वर्षे नगर भागात, मृत्यू १९१९. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत, आणि ते अलंकार म्हणून घेण्याचे कारण नाही. त्यांच्या अभंगांत शेवटी ‘दास’ अशी नाममुद्रा येते; ख्रिस्ताला ते माउली म्हणतात. ही दोन्ही उसनी आणलेली नक्षी आहे असे मानणाऱ्या टीकाकारांशी आम्ही सहमत नाही. नाममुद्रेमुळे कवी शेवटच्या चरणात येऊन उभा राहतो आणि म्हणणारा त्याच्या जागी स्वतःला ठेवू शकतो. ‘दास’ कोण, तर जो या क्षणी म्हणतो आहे तो. माउली या शब्दामुळे न्यायासनावर बसलेला देव स्वयंपाकघरात येऊन बसतो. ज्याला वाचता येत नाही त्यालाही असा अभंग तीन-चार वेळा ऐकला की पाठ होतो, आणि पाठ झालेली गोष्ट काम करताना म्हणता येते. ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा जो मोठा वाटा आहे, तो कोणा समितीच्या मेहेरबानीचा नाही; लोकांनी त्या आधीच तोंडी करून ठेवल्या होत्या.

येथवर सारे सुरळीत वाटते. परंतु एक अडचण आहे, आणि टिळकांचे चाहते तिच्याजवळून लगबगीने पुढे जातात. टिळक चित्पावन ब्राह्मण. ज्या मंडळ्यांत त्यांची भजने गायली जाऊ लागली त्यांतील बहुतेक माणसे महार आणि मांग समाजांतून आलेली. त्यांच्यासाठी टाळ-मृदंग आणि अभंग ही निरागस गोष्ट नव्हती. ज्या वारकरी परंपरेतून ही चाल आली, तिने चोखोबाची रचना डोक्यावर घेतली आणि चोखोबाला पंढरपुरात पायरीपाशी ठेवले. मांगाला हलगी वाजविणे हा छंद नव्हता. गावच्या लग्नात आणि जत्रेत ते त्याच्याकडून वंशपरंपरेने घेतलेले काम होते. असा माणूस ख्रिस्ती झाल्यावर त्याला देवापुढे पुन्हा वाद्य धरावयास सांगितले, तर त्याच्या मनात काय येईल? बाजाची पेटी आणि इंग्रजी चाल यांत त्याला परकेपणाबरोबर एक सुटकाही जाणवत असली पाहिजे. त्या चालीवर गावातील कोणाचाही जुना हक्क नव्हता. म्हणून ‘देशी उपासना चांगली, विलायती वाईट’ असे जे सोपे सूत्र आज आपण सर्व जण सहज मान्य करतो, ते त्या काळच्या नगरच्या वाड्या-वस्त्यांवर तितके सोपे नव्हते.

तरीही अभंग रुजला. आमच्या समजुतीप्रमाणे याचे कारण असे की तो आता वेगळ्या जागी बसून म्हटला जात होता. पायरीपाशी उभे राहून म्हटलेला अभंग आणि आत सर्वांच्या ओळीत बसून म्हटलेला अभंग, यांचे शब्द एक असले तरी अर्थ एक राहत नाही. त्यातच प्रभुभोजनाचा विधी होता. एका भाकरीचा तुकडा आणि एका प्याल्यातील घोट ब्राह्मण, महार व मांग यांनी एकापाठोपाठ घेणे, ही गोष्ट त्या काळी प्रवचनात मान्य करणे सोपे आणि ओठाला लावणे महाकठीण होते. महार आणि मांग यांच्यातील आपसातील तेढही चर्चच्या दारात गळून पडली नाही. उपासनेने जात मोडली असे आम्ही म्हणणार नाही. ती पाळणाऱ्याला आठवड्यातून निदान एकदा तिच्यासमोर आणून उभे केले, एवढे म्हणता येईल.

या संदर्भात लक्ष्मीबाई टिळकांची साक्ष फार मोलाची आहे, कारण त्यांनी स्वतःला सवलत दिलेली नाही. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. परत एकत्र आल्यावरही सोवळे सुटले नव्हते. ते त्यांनी सोडले ते स्वतःच्याच मनाशी वाद घालून. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला, म्हणजे त्यांच्या बाबतीत आधी पाणी आणि जेवण बदलले, मग धर्म. पुढे त्या स्वतः कीर्तने करू लागल्या, आणि टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पूर्ण केले. रूढ शिक्षण न मिळालेली बाई एका महाकाव्याचा फार मोठा भाग लिहिते, हे नवल खरे. पण ज्या घरात रोज ओवी आणि अभंग कानावर पडत होते त्या घरात ते अशक्य नव्हते.

याच काळात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात उपासनेने अगदी निराळे रूप घेतले. १९०५ च्या जूनअखेरीस तेथील मुली एकाच वेळी, मोठ्याने, प्रत्येकीने आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. पाहुण्यांना तो गोंगाट वाटला. ज्या बालविधवांना आणि दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना घरात मोठ्याने बोलण्याची मुभा नव्हती, त्या शेकडोंनी एकत्र आवाज काढीत होत्या, एवढे लक्षात घेतले की त्या गोंगाटाचा अर्थ लागतो. येथे ना ओवी होती ना अभंग. रमाबाईंनी साध्या मराठीत बायबल उतरविण्याचे काम आयुष्याच्या अखेरपर्यंत केले आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून पूर्ण स्वरूपात बाहेर पडले. त्यामागेही हीच दृष्टी होती: या मुलींना कोणी समजावून सांगण्याची वाट पाहावी लागू नये.

टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसू शकतील अशी ती कल्पना होती. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार फारसा उभा राहिला नाही. संस्था म्हणून तो फसला, हे मान्य करावे लागेल. पण दारात नाव न विचारता लोकांना एकत्र बसविण्याचे काम त्यांच्या भजनांनी त्याआधीच केले होते, आणि नंतरही केले.

वसईच्या कॅथलिकांची कथा आणखी वेगळी. १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज अंमल, त्यानंतर पेशवाई, मग इंग्रज. राज्ये बदलली तरी वेदीवरील भाषा लॅटिनच राहिली. लोक मिस्सेच्या वेळी जपमाळ म्हणत बसत, म्हणजे पुढे एक उपासना आणि बाकांवर दुसरी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीविषयीचा जो दस्तऐवज काढला, त्याने लोकभाषांना दार उघडले, आणि त्या दशकात मराठी मिस्सा ऐकू येऊ लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) यांचे ‘सुबोध बायबल’ हे याच वाटेवरचे. पण वसईच्या वाड्यांतील क्रुसापाशी जमून म्हटली जाणारी सायंप्रार्थना त्या परिषदेच्या आधीपासूनची आहे. ज्या काळी चर्चच्या आत लोकांना स्वतःची भाषा नव्हती, त्या काळी वाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या क्रुसाने त्यांच्या बोलीला जागा दिली.

आज शहरी मंडळ्यांत गिटार, ड्रम आणि भिंतीवर उमटणारे शब्द आले आहेत. इंग्रजी गीतांची हिंदी-मराठी रूपे पुन्हा नव्याने तयार होत आहेत. वडीलधारी मंडळी यावर कुरकुर करतात. ज्यांनी बॅलेंटाइन यांच्या चाली आज्याकडून आपल्या म्हणून घेतल्या त्यांना ही कुरकुर शोभत नाही, असे आम्ही एकदा एका ज्येष्ठ स्नेह्यांना म्हणालो तेव्हा ते हसले आणि त्यांनी तीच जुनी विलायती चाल गुणगुणून दाखविली, ऱ्हस्वदीर्घाच्या सर्व ओढाताणीसह. तीही आता मराठीच झाली आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांना देवनागरी वाचणे जड जाते, म्हणून मराठी भजने रोमन अक्षरांत लिहून मोबाइलवर पाठविली जातात. स्टीफन्सने देवनागरी खिळ्यांसाठी रोमला मागणी केली होती. ते मिळाले नाहीत म्हणून ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापावे लागले, आणि मंगळूरच्या त्या वह्याही त्याच लिपीत उतरवल्या गेल्या.